मोफत डायलिसिस सेंटर, बेळगाव : पाचपैकी साडेतीन स्टार, दीड का कापला ते वाचा

माझ्या वडिलांना, आप्पांना, या सेंटरला न्यायला लागून साडेतीन वर्षं होत आली, म्हणजे हिशोब केला तर पाचशे वेळा तरी आम्ही त्या काचेच्या दारातून आत गेलोय, तेव्हा रिव्ह्यू लिहायचा हक्क आपल्याला आहे असं मला वाटतं. सेंटर एका मोठ्या उद्योगपतीच्या ट्रस्टचं आहे. नाव लिहिणार नाही, कारण तिथल्या पोरापोरींना माझ्यामुळं त्रास व्हायला नको, आणि मला जे बोलायचंय ते एका ट्रस्टपुरतं नाहीच मुळी.

मी बेळगाव तालुक्यात सरकारी मराठी शाळेत शिकवते. आप्पा उद्यमबागेत फाउंड्रीत अठ्ठावीस वर्षं मोल्डर होते. बीपी, मग शुगर, मग एक दिवस पाय सुजले, क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचा, रिपोर्ट बघून डॉक्टरांनी सरळ सांगितलं की आता आठवड्याला तीन वेळा मशीनवर. पहिले चार महिने प्रायव्हेटला काढले, एका वेळेचे दीड-दोन हजार, महिन्याला बारा-तेरा वेळा, वर इंजेक्शनं, वर रिक्षा. त्या चार महिन्यांचं सोसायटीचं कर्ज मी अजून फेडतेय. त्यामुळं कुणीतरी या सेंटरचं सांगितलं आणि आप्पांचा नंबर लागला तेव्हा मी बाहेर येऊन रिक्षा स्टँडवर उभी राहून रडले होते, हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचून कुणाला वाटायला नको की हिला मिळालेल्याची किंमत नाही.

आधी चांगलं. दहा मशीन आहेत, तीन शिफ्ट चालतात, पहिली पहाटे पाचला. आत गेलात की फरशीवर पाय ठेवायला संकोच वाटेल इतकं स्वच्छ. डायलिसिसला पाणी किती लागतं हे मला आधी माहीतच नव्हतं, एका माणसाच्या एका वेळेला चार तासात शंभर-सव्वाशे लिटर शुद्ध केलेलं पाणी त्या मशीनमधून जातं, रक्ताच्या एका पडद्यापलीकडून, म्हणून पाण्यात गडबड झाली तर सरळ माणसावर येतं. इथं आरओ प्लांट काचेआड ठेवलाय, बाहेर कागद लावलाय आणि त्यावर रोजच्या रोज क्लोरीन तपासून सही केलेली असते, मी साडेतीन वर्षं तो कागद वाचत आलेय, एकदाही सही चुकलेली नाही. जुलैत आपल्याकडं पाऊस कसा असतो आणि हेस्कॉमची लाईट कशी जाते ते सांगायला नको, पण जनरेटर अर्ध्या मिनिटात चालू होतो.

आणि माणसं. आप्पांच्या डाव्या हाताला फिस्टुला केलाय, म्हणजे शीर आणि धमनी जोडून दिलेली, कान लावला की आतून घुर्रर्र आवाज येतो, माझा पोरगा रोज शाळेला जाताना तिथं कान लावून जातो. त्या हातात दोन जाड सुया जातात. प्रायव्हेटला तीन-तीनदा टोचायचे. इथला टेक्निशियन बैलहोंगलकडचा पोरगा आहे, मराठी त्याला तुटक येतं, आप्पांना कन्नड तुटक येतं, पण सुई घालताना तो 'निधान री आप्पा, निधान' म्हणत एका झटक्यात घालतो आणि वर हात धरून बसतो दोन मिनिटं. असल्या माणसाला पाचपैकी पाच. सहा असते तर सहा.

आता दीड स्टार कुठं गेला.

आप्पा फाउंड्रीत युनियनचे. घरी आई सांगायची, बोनस दोन दिवस उशिरा आला तरी गेटवर उभे राहायचे, मॅनेजरला सुद्धा 'साहेब हे बरोबर नव्हे' म्हणायचे तोंडावर. हा माणूस सेंटरच्या दारात गेला की हात जोडूनच आत जातो. वॉचमनला नमस्कार, फोटोला नमस्कार, समोरच्या भिंतीवर देणगीदारांचा मोठा फोटो आहे त्याला. दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. मी शाळेतून लवकर आले होते, काचेतून बघते तर आप्पा खुर्चीवर डोळे मिटून, उजव्या हातानं खुर्चीचा दांडा आवळलेला, बोटांची पेरं पांढरी पडलेली आणि चादरीखाली पायाची बोटं आत वळलेली दिसत होती. पायात गोळे आले होते. डायलिसिसमध्ये पाणी भराभरा निघालं की येतात, मशीन जरा कमी केलं, सलाईन दिलं की जातं, पण सांगायला लागतं. आप्पा पाऊण तास गप्प बसले होते. मी आत जाऊन ओरडले तेव्हा बीपी बघितलं तर खाली गेलेलं. तो पोरगा घाबरून धावला, सगळं केलं, नंतर आप्पांना रागावला, 'सांगायला नको काय आप्पा!'

रिक्षात मी विचारलं का नाही बोललात. आप्पा म्हणाले, 'फुकट करालेत की गं ते. आणि कुरकुर कशी करायची.'

हे वाक्य माझ्या डोक्यातनं जात नाही. चूक टेक्निशियनची नव्हती, मशीनची नव्हती. ज्याच्या पैशानं मशीन आलंय त्याचा फोटो समोर आहे आणि त्याच्यासमोर दुखतंय म्हणायची आप्पांना लाज वाटली, आणि त्या लाजेनं त्या दिवशी काहीही होऊ शकलं असतं. उपकाराखाली दबलेला पेशंट तक्रार करत नाही, आणि डायलिसिसमध्ये तक्रार न करणं म्हणजे जिवावरचं काम.

मग तो कार्यक्रमाचा दिवस. वर्षातून एकदा ट्रस्टची मोठी माणसं येतात. त्या दिवशी दुसरी शिफ्ट अडीच तास उशिरा सुरू झाली, कारण पाहुणे यायचे होते आणि मशीनवर माणसं झोपलेली असली तर फोटो बरा येत नाही असं कुणाला तरी वाटलं असावं. पेशंटना ओळीत खुर्च्यांवर बसवलं, प्रत्येकाच्या हातात आभाराचा छापील कागद. आप्पांचं वजन त्या दिवशी ठरलेल्या वजनापेक्षा चार किलो वर होतं, सगळं पाणी अंगात. हुक्केरीकडच्या एक मावशी होत्या, त्यांना धाप लागलेली, त्या कागदानंच वारा घेत होत्या. भाषणात चार वेळा 'सेवा' शब्द आला. मी मागं उभी राहून घड्याळ बघत होते.

ते पण सहन केलं. खरी गोष्ट तिसरं वर्ष संपल्यावर झाली. एक पत्र लागलं की इथून पुढं प्रत्येक पेशंटला आठवड्याला तीनऐवजी दोनच वेळा डायलिसिस मिळेल. मी गणित शिकवते, तिथंच उभी राहून हिशोब केला. दहा मशीन, तीन शिफ्ट, सहा दिवस, एकशे ऐंशी पाळ्या. तीन-तीन दिल्या तर साठ माणसं. दोन-दोन दिल्या तर नव्वद. म्हणजे एक रुपया जास्त खर्च न करता लाभार्थी साठचे नव्वद होतात, आणि वार्षिक अहवालात नव्वद छापून येतं.

थांबा, हे मला सोपं करून सांगायचं नाही. ते वाढलेले तीस लोक खरे आहेत. त्यातल्या एका खानापूरच्या पोराचं वय चोवीस आहे, तो माझ्याशी बोलतो, तो आत आला म्हणजे कुणीतरी थोडं बाहेर सरकणार हे मला कळतं. आठवड्याला दोनवर जगणारे पेशंट आपल्या देशात भरपूर आहेत. पण ज्या दिवशी हे ठरलं त्या दिवशी त्या खोलीत कोण होतं? डॉक्टरांना विचारलं नव्हतं, ते स्वतः मला म्हणाले. पेशंटला विचारायचा प्रश्नच नाही. कुणाला दोन चालेल आणि कुणाला तीन पाहिजेच हे वजन बघून, लघवी किती होते ते बघून ठरतं, सरसकट पत्रानं नव्हे. मी पत्रावरच्या नंबरवर फोन केला, तीनदा ट्रान्स्फर झाला, शेवटी मुंबईच्या ऑफिसातली एक मुलगी बोलली, गोड बोलली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'मॅडम, सर्व्हिस तो फ्री है ना?'

मला उत्तर आलं नाही त्या वेळी. आता देते.

पहिली गोष्ट, दारावरच्या मोठ्या पाटीवर 'उदार देणगीतून' लिहिलंय आणि आतल्या बाजूला छोट्या पाटीवर लिहिलंय की मशीन कंपनीच्या सीएसआरमधून. सीएसआर म्हणजे दान नव्हे हो. २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आहे, ५०० कोटींच्या वर नेटवर्थ किंवा १००० कोटींच्या वर उलाढाल किंवा ५ कोटींच्या वर नफा असलेल्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजासाठी खर्च करायचेच आहेत, २०१४ पासून हे लागू आहे. कायद्यानं द्यायला लागणाऱ्या पैशाला आपण हार घालतो आणि आप्पा त्याला हात जोडतात. आणि जे खरोखर दान असतं, स्वतःच्या खिशातलं, त्याला पण टॅक्समधून सूट मागता येते, म्हणजे सरकारच्या तिजोरीत येणारा थोडा भाग तिकडं वळतो, म्हणजे त्यात आपलाही वाटा आलाच. कुणी वाटा मागत नाहीये. पण निदान विचारायचा अधिकार तरी.

दुसरी गोष्ट आमच्या आज्जीची. आज्जी काही दान देताना, मग ते चार शेर तांदूळ का असेना, हातावर तुळशीचं पान ठेवून पाणी सोडायची. उदक सोडणं. मी लहानपणी विचारलं होतं पाणी कशाला, तर म्हणाली पाणी सोडलं की आपला हक्क संपला, मग त्या माणसानं ते तांदूळ शिजवून खाऊ देत नाहीतर कोंबड्यांना घालू देत, आपण विचारायचं नाही. सगळं पुराण एवढ्यात आलं बघा. मला श्रीमंतांच्या दानाबद्दल कुणी विचारलं की लोकांचं खरंच भलं होतं का, तर मी एवढंच बघते, उदक सोडलं का? का नुसतं तांदूळ दिले आणि टोपलीचा कान धरून ठेवला?

कार्नेगीचं उदाहरण घ्या. अँड्र्यू कार्नेगी, स्कॉटलंडच्या हातमागवाल्याचा पोरगा, आपल्या वडगाव-शहापूरच्या विणकराच्या घरातला म्हणा, अमेरिकेत जाऊन पोलादाचा राजा झाला. १८८९ मध्ये त्यानं लेख लिहिला की श्रीमंतानं जिवंतपणीच संपत्ती वाटून टाकावी, आणि ती कशी खर्चायची हे गरिबापेक्षा त्यालाच जास्त कळतं. या दुसऱ्या भागाशी माझं भांडण आहे. कारण तीनच वर्षांनी १८९२ मध्ये त्याच्या होमस्टेडच्या कारखान्यात पगारकपातीवरनं टाळेबंदी झाली, खाजगी बंदूकवाले आणले, माणसं मेली, युनियन मोडली. मग १८९८ मध्ये तिथंच त्यानं झकास लायब्ररी बांधून दिली. बारा-बारा तास भट्टीपुढं उभा राहिलेला माणूस लायब्ररीत कधी जाणार? मी आप्पांना फाउंड्रीतनं आल्यावर बघितलंय, जेवताना घास हातात धरून झोपलेले.

माझी आत्या निपाणीला तंबाखूच्या वखारीत होती. दिवसभर त्या धुरळ्यात, नाकाला पदर. ज्या शेठकडं ती होती त्यांनी गावात देऊळ बांधलं, उद्घाटनाला सगळ्यांना जेवण घातलं, आत्या जेवून आली आणि म्हणाली, 'जेवण झकास, पण हजेरीत चार आणे वाढवले असते तर रोजच जेवलो असतो.' निपाणीनं तंबाखूच्या पैशाची दुसरी बाजू पण बघितलीय, १९८१ मध्ये शरद जोशींबरोबर शेतकऱ्यांनी भावासाठी हायवे अडवला आणि गोळीबारात माणसं गेली. तेव्हा पैसा आला कुठनं हे विचारायचं नाही असं कुणी म्हणालं की मला आत्याचे ते चार आणे आठवतात.

पण त्याच कार्नेगीची एक गोष्ट मला मनापासून पटते. त्यानं जगभरात अडीच हजारांच्या आसपास लायब्ऱ्या दिल्या आणि बहुतेक ठिकाणी अट एकच, इमारत मी देतो, जागा गावानं द्यायची आणि इमारतीच्या खर्चाच्या १० टक्के रक्कम दर वर्षी गावानं स्वतःच्या करातून घालायची. म्हणजे दुसऱ्या दिवसापासून लायब्ररी गावाची. पुस्तक नसेल तर माणूस आपल्या नगरपालिकेशी भांडणार, कार्नेगीच्या फोटोशी नव्हे. इथं उदक सोडलं.

आपल्या जिल्ह्यात पण आहेत की अशी माणसं. सिरसंगीचे लिंगराज देसाई, सौंदत्ती तालुक्यातले, १९०६ मध्ये गेले, जाताना इस्टेट शिक्षणासाठी लिहून ठेवून गेले, आज लिंगराज कॉलेजचं नाव घेताना किती पोरांना माहिती असतं कोण होते ते? मी स्वतः जीएसएसला बीएस्सी केलं, सेकंड इयरपर्यंत मला जीएसएस म्हणजे गोविंदराम सेक्सरिया सायन्स हे पण माहीत नव्हतं, मुंबईचे कापसाचे व्यापारी ते. कुणी आम्हाला आभाराचा कागद धरून उभं केलं नाही. फी भरायची, लॅबमध्ये बीकर फुटला तर पैसे भरायचे, सर नीट शिकवत नसले तर प्रिन्सिपलकडं जायचं.

आणि टाटा. इथनं कुणाला कॅन्सर निघाला की पहिला शब्द 'टाटाला जाऊया', रात्रीच्या गाडीनं परळला. ते हॉस्पिटल टाटांच्या ट्रस्टनं १९४१ मध्ये उभं केलं आणि १९५७ मध्ये सरकारच्या आरोग्य खात्याकडं गेलं, १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडं. नाव राहिलं, ताबा सोडला. माझ्या मते श्रीमंत माणसानं करावं असं यापेक्षा मोठं काही नाही, उभं करून दाखवा, चालतं हे सिद्ध करा आणि मग लोकांच्या हातात द्या.

आता माझ्या शाळेतलं सांगते, रोज बघते म्हणून. कर्नाटकात सरकारी शाळेतल्या पोरांना आठवड्याला दोन दिवस अंडं मिळायचं, जुलै २०२४ मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशननं सरकारबरोबर करार केला, तीन वर्षांचे सुमारे १५०० कोटी, आणि उरलेल्या चार दिवसांचं अंडं त्यातनं. म्हणजे सहाही दिवस. जे खात नाहीत त्यांना केळं. प्रेमजींनी विप्रोच्या शेअरमधली केवढी मोठी संपत्ती फाउंडेशनला देऊन टाकली ते सगळ्यांनी वाचलंय, मी त्यावर बोलत नाही, मी ताटावर बोलते. आमच्या शाळेत अंड्यावर कुणाचा फोटो नाही. पोरं बाकाच्या कोपऱ्यावर टक करून फोडतात, सोलतात, पांढरं आधी खातात आणि पिवळं शेवटाला राखून ठेवतात, एक पोरगी तर पिवळ्याला मीठ लावून घंटा होईपर्यंत पुरवते. मागच्या महिन्यात तिसरीतली एक पोरगी ताट घेऊन सरळ माझ्यासमोर आली. 'बाई, माझं अंडं लहान आहे. तिचं बघा की केवढं मोठं.' मी मोठं दिलं बदलून. ती गेली आणि मी तिथंच थांबले जरा, कारण आप्पांचा तो खुर्चीचा दांडा आवळलेला हात डोळ्यासमोर आला. आठ वर्षांची पोरगी अंडं लहान आहे म्हणून भांडते, कारण ते तिचं आहे, शाळेचं आहे, बाईंना विचारायचं असतं हे तिला ठाऊक आहे. सत्तरीतला युनियनवाला माणूस पायात गोळे आले तरी बोलत नाही. पैसा दोन्हीकडं मोठ्या माणसांचाच. पण एक सरकारी शाळेच्या स्वयंपाकघरातनं आला आणि एक फोटोच्या भिंतीपलीकडनं.

तीन वर्षांनंतर त्या चार अंड्यांचं काय हा प्रश्न आहेच, म्हणून मी एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या समितीच्या, मीटिंगला दर वेळी उठून म्हणते की सरकारनं आत्तापासनं पैशाची सोय करायला पाहिजे, पोरांना सहा दिवसांची सवय लावून परत दोनवर आणायचं नसतं. हे मी बोलू शकते, तिथं बोलायची जागा आहे.

आपलं गाव या बाबतीत कमी नाही. गांधीजी आयुष्यात एकाच काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते आपल्या टिळकवाडीत, १९२४ मध्ये, काँग्रेस विहीर अजून आहे. श्रीमंतांनी स्वतःला संपत्तीचा मालक नव्हे, विश्वस्त समजावं असं ते म्हणायचे. लोक हे वाक्य श्रीमंतांचं कौतुक करायला वापरतात, पण विश्वस्त कुणाला म्हणतात? ज्याच्याकडं हिशोब मागता येतो त्याला. गावच्या देवस्थानचे ट्रस्टी सुद्धा जत्रेनंतर मांडवात बसून पै-पैचा हिशोब वाचून दाखवतात, नाही दाखवला तर लोक उठतात. मला त्या सेंटरमध्ये तेवढंच पाहिजे होतं. दोनचं पत्र लावायच्या आधी एक मीटिंग, पेशंटचे दोन माणसं, डॉक्टर आणि ट्रस्टचा एक माणूस. चहा आम्ही आणला असता.

मधल्या काळात तिसऱ्या दिवसासाठी मी सरकारी दवाखान्यात गेले. खरं सांगते, पहिल्या दिवशी परत यावं वाटलं. मशीन कमी, एक बंद, खुर्चीचं रेक्झिन फाटलेलं, नंबर यायला दीड तास. आमच्यासारख्या सीमावादातल्या ८६५ गावांचं तर अजून वेगळं, इकडची आरोग्य योजना एक आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रानं सीमाभागासाठी जाहीर केलेली महात्मा फुले योजना दुसरी, आणि त्यावरनं दोन राज्यांचं भांडण, पेशंट मधल्या मधी. पण तिथं भिंतीवर तक्रार करायचा नंबर आहे. मी लिहून दिलं. बावीस पेशंटच्या घरच्यांनी सह्या केल्या, कन्नडमध्ये एक आणि मराठीत एक असे दोन अर्ज, लोकप्रतिनिधीकडं पण एक. दोनदा जाऊन बसले. दोन महिने लागले आणि बंद मशीन चालू झालं. त्यात आम्ही वाट बघितलेल्यांतला एक माणूस राहिला नाही, हे पण लिहायला पाहिजे. उशिराची किंमत असते. पण जे मशीन चालू झालं ते कुणाच्या पत्रानं उद्या बंद होणार नाही, आणि झालंच तर कुठं जाऊन उभं राहायचं ते आम्हा बावीस घरांना आता माहिती आहे.

मला राहून राहून वाटतं की ट्रस्टनं तेच दहा मशीन आणि तोच आरओ प्लांट सरकारी दवाखान्याच्या आवारात बसवून दिला असता, त्या बैलहोंगलच्या पोराचा पाच वर्षांचा पगार भरला असता, आणि उदक सोडलं असतं, तर? लोक म्हणतात सरकारी हातात गेलं की वाटोळं होतं. होतं कधी कधी, नाकारत नाही. पण चांगलं सेंटर बाजूला उभं राहिलं की बोलकी माणसं सगळी तिकडं जातात, माझ्यासारखी, आणि सरकारी दवाखान्यात भांडणारं कुणी उरत नाही, हे मी स्वतः केलंय. तीन वर्षं मी त्या दवाखान्याच्या दारावरनं गेले, आत बंद पडलेलं मशीन आहे हे मला माहीतच नव्हतं.

तर स्टार. स्वच्छता, पाणी, माणसं यांना पूर्ण. अर्धा कापला कार्यक्रमाच्या अडीच तासांसाठी. एक कापला त्या पत्रासाठी, पत्रात काय होतं त्यापेक्षा ते ज्या पद्धतीनं लागलं त्यासाठी.

ज्यांना जायचंय त्यांनी जरूर जावं, आम्ही पण अजून आठवड्याला दोन दिवस जातोच. नेफ्रॉलॉजिस्टची चिठ्ठी, आधार, रेशन कार्ड आणि कावीळ बी, सी, एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट न्या, त्याशिवाय नंबर लावत नाहीत. पहाटेच्या शिफ्टला गावाकडनं बस मिळत नाही, सीबीटीला, म्हणजे बेळगावच्या मुख्य बसस्टँडला, मुक्कामाची गाडी आदल्या रात्री येते ती बघा, बाईमाणसाला सरकारच्या शक्ती योजनेत तिकीट नाही, पेशंट पुरुष असला तर त्याचं तेवढं काढायचं. जाड चादर न्या. आत एसी फार असतो आणि रक्त बाहेर फिरत असताना थंडी जास्त वाजते. आणि पेशंटला आदल्या रात्रीच बजावून ठेवा की त्रास झाला तर लगेच बोलायचं, मी आप्पांना दर वेळी रिक्षात बजावते.

गेल्या गुरुवारी मी काचेबाहेर बसले होते. आप्पांनी हात वर केला. तो पोरगा आला, वाकला. आप्पांचा आवाज मला काचेतून ऐकू आला, फाउंड्रीच्या गेटवरचा असतो तसला.

'एसी कमी करा की ओ जरा.'

त्यानं केला.